बाहेरच्या कडेवरची प्रमिला

प्रमिला गेली त्या सकाळी मी तिच्यावर चिडून उभी होते. चिखलीच्या धान्य बाजारातल्या लिलावाच्या शेडमध्ये, एका हातात पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि दुसऱ्या हातात ब्रश. आदल्या संध्याकाळी तिनंच फोन करून बोलावलं होतं. "कुंदा, उद्या बाजाराले सुट्टी हाय. गोल पार पुसून गेले. लवकर ये, नवे काढून टाकू." तिचा आवाज ओढल्यासारखा येत होता, म्हणून विचारलं तर म्हणाली, "गॅस झाला वं. सोडा घेतला, होते बरं." आणि सकाळी मी वेळेवर हजर, तर हिचा पत्ता नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना वेळेवरून टोचून बोलणारी ही बाई... मी एकटीच त्या रिकाम्या शेडमध्ये तोंडातल्या तोंडात तिला बोलत होते, तेवढ्यात तिच्या मुलाचा, नीलेशचा फोन आला. "मावशी, आई गेली. बुलडाण्याले नेऊन राह्यलो होतो, रस्त्यातच..." माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "काल मला गॅस म्हणाली होती!" पलीकडून तो म्हणाला, "आमालेही तेच म्हणे."

याला आता काही आठवडे झाले. तिच्याबद्दल लोकांनी खूप चांगलं लिहिलं, बोललं. मनमिळाऊ, मायाळू, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या गवई मॅडम. हे वाचताना मला राहवत नाही. प्रमिला गवई मनमिळाऊ नव्हती हो! ती अतिशय हट्टी, वाद घालणारी, समोरच्याचा जीव नकोसा करणारी बाई होती, आणि मी तिची सगळ्यात जवळची मैत्रीण होते, तेव्हा मला हे सांगायचा अधिकार आहे. बर्फ कधी न पडणाऱ्या आमच्या या भागात ती बर्फावरच्या एका खेळासाठी जगली. यात मायाळूपणा कुठे आला?

आमच्या मुलींच्या शाळेत ती शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून आली, तेव्हा मी तिथे चित्रकला शिकवत होते. धाडजवळच्या एका खेड्यातली, वडील प्राथमिक शिक्षक, घरात शिकायचा आग्रह मोठा. अमरावतीला बी.पी.एड. करताना हॉस्टेलच्या टीव्हीवर तिनं एकदा फिगर स्केटिंग पाहिलं. बाकीच्या मुली फ्रॉक आणि गिरक्या पाहत होत्या. ही मात्र खेळाडू निघून गेल्यावर बर्फावर मागे राहिलेल्या रेघा पाहत बसली, असं तीच सांगायची. रुजू झाल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ती माझ्या चित्रकलेच्या खोलीत शिरली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "मॅडम, तुमाले कंपासशिवाय गोल काढता येते काय?" मी जरा गर्वानंच फळ्यावर एका झटक्यात वर्तुळ काढून दाखवलं. तिनं मान तिरपी करून पाहिलं आणि म्हणाली, "उजवीकडून दबला." आमची मैत्री इथून सुरू झाली, आणि माझ्या नशिबी गोल काढणं कायमचं आलं.

फिगर म्हणजे बाईची फिगर नव्हे, हे तिला आयुष्यात किती लोकांना सांगावं लागलं असेल! फिगर म्हणजे आकृती. या खेळाला नाव मिळालं ते पायानं बर्फावर आकृत्या काढण्यावरून. एक गोल, त्याला चिकटून दुसरा गोल, की झाला इंग्रजी आठ. एका पायावर एक गोल, दुसऱ्या पायावर दुसरा, आणि मग पुन्हा त्याच रेघेवरून जायचं, रेघेवर रेघ बसली पाहिजे. पूर्वी स्पर्धेत पंच वाकून, अगदी खाली बसून त्या रेघा तपासत असत. "तुह्यावानीच," ती मला म्हणायची. "तू पोरीयच्या वह्या तपासते ना, तसंच." पुढे टीव्ही आला, लोकांना गोल पाहायचा कंटाळा येऊ लागला आणि मोठ्या स्पर्धांमधून आकृत्या काढूनच टाकल्या. उड्या आणि गिरक्या राहिल्या, नाव तेवढं जुनं राहिलं. या गोष्टीचा तिला असा राग होता, की जणू आमच्याच शाळेच्या वेळापत्रकातून कुणी तिचा तास काढून घेतला!

मधल्या सुट्टीत डबा उघडला की तिचं पुराण सुरू व्हायचं. उत्तरेकडच्या थंड देशांत फार पूर्वी लोक जनावरांची हाडं पायाला बांधून गोठलेल्या तळ्यांवरून जायचे, हातात काठी, काठीनं ढकलत पुढे. हाडाला धार नाही, म्हणून काठी लागायची. मग हॉलंडमध्ये लाकडी तळव्याला लोखंडाची पाती बसवली, पात्याला कड आली, आणि माणसाच्या हातातली काठी सुटली. कालवे गोठले की बायाबापड्या बाजाराला त्यावरून जायच्या. इंग्लंडातल्या साहेबांनी त्याच पात्यांवर आकृत्या काढायला सुरुवात केली, पण अंग ताठ, हात शरीराला चिकटलेले. शेवटी अमेरिकेतला एक बॅले नाचणारा माणूस उठला, त्यानं पाती बुटाला पक्की बसवली आणि संगीतावर हात मोकळे सोडून नाचला. त्याच्या देशात त्याला हसले. तो व्हिएन्नाला गेला, तिथे लोकांनी डोक्यावर घेतला. हे सगळं ऐकता ऐकता आमची पोळी वाळून जायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "प्रमिला, चिखलीत या सगळ्याचा उपयोग काय?" ती भाजीचा घास तोंडात घालून म्हणाली, "कड तर सगळीकडं असते ना वं."

कड हा तिचा शब्द. स्केटचं पातं खालून सपाट नसतं, मधे बारीक खोलगट नाली असते, त्यामुळे त्याला दोन कडा होतात. एक पायाच्या आतल्या बाजूची, एक बाहेरच्या. सरळ उभं राहिलं की दोन्ही कडा टेकतात आणि बर्फावर दोन रेघा उमटतात. अंग एका बाजूला कललं की एकच कड टेकते, एकच रेघ उमटते आणि माणूस आपोआप वळतो. पुढे जाताना, मागे जाताना, आतल्या कडेवर, बाहेरच्या कडेवर... साऱ्या उड्या, साऱ्या गिरक्या यातूनच निघतात, असं तिचं म्हणणं. बाहेरच्या कडेवर जायला माणूस भितो, कारण आपण बाहेर पडू असं वाटतं. तिथंच मुलींना उभं करायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं.

बर्फ नव्हता, म्हणून चाकं आली. चार चाकांचे स्केट, पुढे दोन, मागे दोन, टोकाला रबराचा ठोकळा. अंग कललं की चाकंही कलतात, आणि वळण मिळतं; तिच्या लेखी हीच चाकांची कड. या चाकांवरही अशाच आकृत्यांची स्पर्धा असते, फक्त तिथे गोल आधीच जमिनीवर रंगवलेले असतात. ते रंगवायचे कुणी? मी! शाळेच्या फरशीचे सांधे चाकाला लागत, म्हणून तिनं खटपट करून धान्य बाजारातला शेड मिळवला, लिलाव नसेल त्या दिवसांसाठी. तिथे आधी झाडू मारावा लागे. सोयाबीनचा एक दाणा चाकाखाली आला की पोरगी आडवी. शिक्षिका म्हणून रुजू झालेली बाई वाकून वाकून शेडचा कोपरान् कोपरा झाडायची, आणि मी दोरी-खिळ्यानं गोल आखून मागे रंग भरत यायची. माझी कंबर त्या शेडनं खाल्ली, हे मी लेखी नोंदवून ठेवते.

स्नेहसंमेलन आलं की मुख्याध्यापक म्हणायचे, "गवई मॅडम, एखादं गाणं लावून पोरींचा चाकांवरचा डान्स बसवा ना. पालक खुश होतील." दर वर्षी तिचं उत्तर ठरलेलं, "सर, हा डान्स नाही." मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावायची. एक गाणं लावलं असतं तर काय बिघडलं असतं? शाळेनं आनंदानं नवे स्केट घेऊन दिले असते. पण नाही. पोरींना आधी आठ नीट काढता येऊ द्या, मग गाणं.

त्या पोरींमध्ये एक अश्विनी होती. धाडची. तिची आई एस.टी.त कंडक्टर, सकाळच्या गाडीत मुलीला बसवून आणायची आणि संध्याकाळच्या गाडीत परत न्यायची. अश्विनी काटक, बोलायला फटकळ आणि पडायला अजिबात न भिणारी. प्रमिलाचा तिच्यावर जीव होता, म्हणजे तिला सगळ्यात जास्त बोलणी बसायची. "कड कुठी गेली तुही? चपटी होऊन राह्यली!" अश्विनी उलट बोलायची, "मॅडम, तुमी करून दाखवा." आणि प्रमिला, त्या वयात, साडीचा पदर खोचून दाखवायची. मनगट मोडून घेतलं एकदा. प्लास्टर घालून दुसऱ्या दिवशी शेडमध्ये हजर.

मग चाकांवरची राज्यस्तरीय स्पर्धा आली. मीही गेले होते, अश्विनीची आई रजा टाकून आली होती. अश्विनीच्या कार्यक्रमात लुट्झ नावाची उडी होती. मागे जाताना डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर राहायचं, उजव्या पायाचं टोक टेकवून उडायचं. अवघड अशासाठी, की ज्या बाजूला अंग कललं आहे त्याच्या उलट बाजूला फिरायचं असतं. उडायच्या क्षणी पुष्कळांचा पाय घाबरून आतल्या कडेवर येतो, मग तीच उडी फ्लिप नावाची दुसरी, सोपी उडी ठरते, आणि तिला गुण कमी. अश्विनी उडाली, सुंदर उतरली, शेवटपर्यंत पडली नाही. टाळ्या पडल्या. तिच्या आईनं माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी रुतली. निकाल लागायच्या आधी पंचांमध्ये काही कुजबुज झाली. एक पंच उठून प्रमिलाकडे आले. "मॅडम, ती लुट्झच होती ना? आमच्यात एकमत होईना." मी शेजारीच उभी होते. नुसती मान हलवायची होती तिला. आम्हा कुणालाही काही दिसलं नव्हतं!

प्रमिला म्हणाली, "नाही सर. शेवटी तिची कड आत आली. फ्लिप झाली ती."

अश्विनीचं पदक गेलं. थोडक्यात गेलं. ती रडली नाही, स्केटच्या नाड्या सोडत खाली बसून राहिली. तिची आई प्रमिलासमोर येऊन उभी राहिली. "मॅडम, तुमी आमच्या बाजूनं आल्या होत्या का त्यायच्या?" प्रमिला म्हणाली, "जे झालं ते सांगतलं." अश्विनीनं वर पाहिलं. "त्यायनं तुमाले विचारलं होतं, मॅडम. तुमी नाही दिसलं म्हणू शकत होत्या." आणि प्रमिला, माझी ही महान मैत्रीण, म्हणाली, "पण मले दिसलं ना."

त्यानंतर अश्विनी शेडमध्ये आली नाही. मी प्रमिलाच्या किती विनवण्या केल्या! एकदा जा, पाठीवर हात फिरव, चुकलं म्हण. "चुकलं काऊन म्हणू?" हे एकच उत्तर. मी काही दिवस तिच्याशी बोलणं बंद केलं. तिला फरक पडला नाही, कारण गोल रंगवायची वेळ आल्यावर ती रंगाचा डबा घेऊन सरळ माझ्या दारात उभी राहिली.

आम्ही दोघी निवृत्त झालो. पुण्याला माझ्या भाचीचं लग्न होतं, प्रमिलाला सोबत नेलं. भाचीनं सांगितलं की इथल्या एका मॉलमध्ये बर्फाचं छोटं मैदान आहे. झालं! हळदीच्या दिवशी, घरात पाहुणे भरलेले असताना, ही मला रिक्षात घालून तिकडे घेऊन गेली. भाड्याचे बूट पायात चढवल्याबरोबर तिनं पात्यावरून अंगठा फिरवला आणि तिथल्या पोराशी भांडायला लागली. "याले धारच नाही. कड कशी लागीन?" तो बिचारा म्हणाला, "आजी, कठडा धरा आणि गोल गोल फिरा. मधे थांबू नका." आजी! मला वाटलं आता त्याचं काही खरं नाही. पण ती बर्फावर गेली.

पहिल्याच पावलाला पडली. चाकं वेगळी, पातं वेगळं. उठली, पुन्हा पडली. मी कठड्याच्या बाहेरून ओरडत होते, "बस झालं, चल, हाडं मोडशील." तिनं कठडा सोडला. कॉलेजची मुलं-मुली हसत-खिदळत फिरत होती, मोबाइल काढून फोटो घेत होती. त्यांच्या मधोमध प्रमिला गवई, सलवार-कमीजवर स्वेटर, हात दोन्हीकडे पसरलेले, डाव्या पायावर, अंग हळूहळू बाहेर कललेलं... अर्धा गोल. अर्ध्या गोलाहून जरा जास्तच. मी ओरडायची थांबले. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. हॉस्टेलच्या त्या टीव्हीसमोर बसलेली मुलगी मी पाहिली नव्हती, ती तेवढ्यापुरती दिसली असं वाटलं.

मग ती थांबली, वळली, जिथून सुरुवात केली होती तिथे गेली आणि भर गर्दीत चक्क गुडघ्यावर बसून बर्फावर वाकली. पोरं तिला चुकवून जायला लागली, एक जण धडपडला. शिट्टी वाजली. "आजी पडल्या का? उठवा त्यांना!"

"पडली नाही," ती खालूनच ओरडली, "पाहून राह्यली!"

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता ही रडेल नाहीतर मिठी मारेल. ती बाकावर बसून बूट सोडत म्हणाली, "दोन रेघा उमटल्या, कुंदा. मी पूर्ण वेळ दोन्ही कडांवर होती, नुसती घसरत वळली. चपटी." मी म्हटलं, "अगं, पात्याला धार नव्हती ना?" तिनं मान हलवली. "पायच वाकला नाही माहा. भेली मी."

पुण्याहून परतल्यावर लगेच तिनं मला धाडच्या गाडीत बसवलं. अश्विनी तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होती. घराच्या ओसरीत तिनं आमच्यापुढे खुर्च्या ठेवल्या, स्वतः उभी राहिली. प्रमिला म्हणाली, "मी बर्फावर गेली होती. माही बाहेरची कड लागली नाही."

"मंग?"

"मंग काही नाही. तुले सांगाले आली."

अश्विनी म्हणाली, "ते कोणी पंचाले सांगतलं काय, मॅडम?"

"नाही. म्हणूनच तुले सांगून राह्यली."

चहा आला. आम्ही प्यालो. शेताच्या, भरतीच्या, पावसाच्या गप्पा झाल्या, आणि निघालो. गाडीत मी तिच्यावर अशी भडकले! एवढं धाडपर्यंत आलीस, तोंडातून एक माफीचा शब्द काढला असतास तर? "माफी काऊन?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिची कड आतच आली होती." आता अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

अश्विनी शेडमध्ये परत आली नाही. पण पोलिसात लागल्यावर पहिला फोन तिनं प्रमिलाला केला, हे मला नीलेशकडून नंतर कळलं. प्रमिलानं मला सांगितलंही नाही. विचारलं असतं तर म्हणाली असती, "तू कुठी विचारलं?"

जलदान विधीच्या दिवशी तिच्या घरासमोर मांडव घातला होता. बुद्धवंदना झाली, भन्तेजींचं प्रवचन झालं, मग एकेक जण उठून बोलायला लागला. मनमिळाऊ, मायाळू... मला ते सहन होईना, मी उठून मांडवाबाहेर आले. तिथे अश्विनी उभी होती, साध्या ड्रेसमध्ये, केस बारीक कापलेले. मी तिला पटकन ओळखलं नाही. ती मला म्हणाली, "मले अजूनही राग येते मॅडमचा."

"मलाही," मी म्हटलं.

समोर साऱ्या पाहुण्यांच्या चपलांचा ढीग पडला होता. प्रमिलाला एक खोड होती, कुणाच्याही घरी गेली की आधी दाराबाहेरच्या चपला पाहायची, टाच कोणत्या बाजूनं झिजली आहे ते. हा आत कलतो, ही बाहेर कलते, हा चपटा. त्यापायी आम्ही कितीदा उंबऱ्यावर ताटकळलो. बोलता बोलता माझं लक्ष गेलं, अश्विनीची नजर त्या ढिगावरूनच फिरत होती, एकेक टाच पाहत. माझीही तिथेच होती. आमची नजरानजर झाली. तिनं मग आपल्या उजव्या पायातली सँडल काढली आणि उलटी करून माझ्यासमोर धरली. टाच बाहेरच्या बाजूनं सरळ झिजलेली. "पाहा," ती म्हणाली, "दाखोली असती त्यायले."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "डावी दाखव."

तिनं वाकून डावी काढली. टाच आतून झिजली होती. "माय वं!" म्हणत ती हसायला लागली, हसता हसताच डोळे पुसू लागली, आणि मांडवातल्या बायका वळून आमच्याकडे पाहायला लागल्या. "मॅडम, कोणाले सांगू नका," ती म्हणाली. मी नाही सांगणार म्हणून कबूल केलं.

हा लेख पाठवण्याआधी मला चैन पडेना, म्हणून अश्विनीला फोन केला आणि डाव्या सँडलचं लिहू का, असं विचारलं. ती ड्यूटीवर होती, मागे गाड्यांचे आवाज येत होते. "लिहा ना," ती म्हणाली. "मॅडमनं कुठी सोडलं असतं."